हिमाच्छादित भूप्रदेशाचे ड्रोनने छायाचित्रण: प्रवासाच्या तयारीपासून अंतिम छायाचित्रापर्यंत

सुट्टीसाठी बर्फाळ प्रदेशात जाणाऱ्या आणि सोबत ड्रोन नेणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी, ती ही की ड्रोनमधील ज्या स्वयंचलित सोयींवर आपण एरवी निर्धास्तपणे विसंबतो, त्यांपैकी बऱ्याचशा सोयी बर्फावर हमखास चुकतात. कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर पांढऱ्या बर्फाला राखाडी समजते, स्वयंचलित व्हाइट बॅलन्स, म्हणजे चित्रातील रंगांचा तोल साधणारी सोय, सावल्यांमधील निळेपणाने गोंधळतो, ड्रोनच्या पोटाखालील सेन्सरना एकसारख्या पांढऱ्या पृष्ठभागावर नजर ठरवायला जागा सापडत नाही आणि बॅटरीच्या टक्केवारीचा भरवसा थंडीत धरता येत नाही. त्यामुळे बर्फावरचे चांगले हवाई छायाचित्रण म्हणजे हे सगळे निर्णय एकेक करून यंत्राकडून स्वतःकडे घेणे होय. त्यातही प्रत्यक्ष उड्डाणाला मिळणारा वेळ थोडा असल्यामुळे शक्य तितके निर्णय जमिनीवर असतानाच घेऊन टाकावे लागतात. पुढील मार्गदर्शन याच क्रमाने केले आहे.

निघण्यापूर्वी: नियम, सामान आणि सॉफ्टवेअर

ज्या देशात जायचे आहे तेथील ड्रोनविषयक नियम विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी वाचावेत, कारण काही ठिकाणी नोंदणीला वेळ लागतो आणि काही ठिकाणी ड्रोन देशात आणण्यावरच बंधने असतात. २५० ग्रॅमपेक्षा हलका ड्रोन सर्वत्र नियममुक्त असतो हा समज चुकीचा आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा हलका असला तरी त्यावर कॅमेरा असेल आणि तो खेळण्याच्या वर्गात मोडत नसेल, तर चालकाला नोंदणी करावीच लागते. जपानमध्ये जून २०२२ पासून १०० ग्रॅम किंवा त्याहून अधिक वजनाच्या ड्रोनची नोंदणी बंधनकारक आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांमध्ये ड्रोन उडवण्यास २०१४ पासून बंदी आहे आणि कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांतही परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. सर्वांत देखणी हिमशिखरे आणि गोठलेली सरोवरे नेमकी अशाच संरक्षित क्षेत्रांत असतात, म्हणून देशाचा सर्वसाधारण नियम वाचून न थांबता त्या विशिष्ट जागेचा नियम शोधावा. स्कीइंगची केंद्रे बहुधा खासगी व्यवस्थापनाखाली असतात आणि त्यांच्या उतारांवर ड्रोनला सहसा मनाई असते, त्यामुळे तेथे लेखी विचारणा करून ठेवणे चांगले.

उंचीच्या मर्यादेबाबत डोंगराळ भागात एक गफलत सहज होते. युरोपात ही मर्यादा १२० मीटर आणि अमेरिकेत ४०० फूट, म्हणजे सुमारे १२२ मीटर आहे. ती ड्रोनच्या खालील जमिनीपासून मोजली जाते, मात्र रिमोटच्या पडद्यावर दिसणारी उंची उड्डाण जेथून झाले त्या बिंदूपासून मोजलेली असते. कड्यावरून ड्रोन उडवून तो दरीवर नेला, तर पडद्यावर ३० मीटर दिसत असताना प्रत्यक्षात तो जमिनीपासून ३०० मीटर उंच असू शकतो. याच्या उलट, चढत्या उताराकडे उडताना आकडा तोच राहतो आणि जमीन मात्र जवळ येत जाते.

विमानप्रवासात लिथियम बॅटऱ्या केबिनमधील सामानातच न्याव्या लागतात. सुट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकता येत नाहीत. १०० वॉट-तासांपर्यंतच्या (वॉट-तास हे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे माप) बॅटऱ्यांना सहसा वेगळी मंजुरी लागत नाही, १०० ते १६० वॉट-तासांच्या बॅटऱ्यांसाठी विमानकंपनीची परवानगी घ्यावी लागते आणि त्यापुढील बॅटऱ्या प्रवाशाला नेता येत नाहीत. प्रवासात वापरल्या जाणाऱ्या बहुतेक लहान ड्रोनच्या बॅटऱ्या १०० वॉट-तासांच्या आतच असतात. हा आकडा बॅटरीवर छापलेला असतो, तो सुरक्षा तपासणीत दाखवता येईल अशा बेताने बॅटऱ्या ठेवाव्यात आणि त्यांची टोके झाकलेली असावीत.

ड्रोन, रिमोट आणि बॅटऱ्या यांचे फर्मवेअर, म्हणजे यंत्रातले अंगभूत सॉफ्टवेअर, घरीच अद्ययावत करावे आणि त्यानंतर एकदा घराजवळच उडवून पाहावे. दुर्गम भागात नेटवर्क नसताना ॲपने अद्ययावत करण्याची किंवा पुन्हा लॉगिन करण्याची अट घातली, तर आख्खी सकाळ वाया जाते. त्या भागाचे नकाशे ऑफलाइन उतरवून घ्यावेत. मेमरी कार्ड किमान दोन असावीत. पाती ही थंडीत ठिसूळ होणारी वस्तू असल्यामुळे त्यांचे दोन संच जवळ ठेवावेत.

ड्रोनचा रंग बहुधा राखाडी किंवा पांढरा असतो आणि तो बर्फात पडला तर काही पावलांवरूनही दिसत नाही. म्हणून त्याच्या बाजूंवर आणि पाठीवर भडक नारिंगी किंवा लाल चिकटपट्टीचे लहान तुकडे लावावेत. सेन्सर आणि हवेची छिद्रे झाकली जाणार नाहीत याकडे लक्ष द्यावे. येथे वजनाचाही विचार करावा लागतो, कारण २४९ ग्रॅमच्या ड्रोनवर चिकटपट्टी आणि फिल्टर चढवल्यावर तो २५० ग्रॅमची मर्यादा ओलांडून वेगळ्या वर्गात जाऊ शकतो. स्वयंपाकघरातील अचूक वजनकाट्यावर तो एकदा तोलून पाहावा.

जागा आणि वेळ ठरवणे

बर्फाचे रूप प्रकाशाच्या दिशेवर जितके अवलंबून असते तितके दुसऱ्या कोणत्याही गोष्टीवर नसते. मध्यान्हीचे ऊन वरून पडते, उंचसखलपणा पुसून टाकते आणि वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला कोरा पांढरा पट्टा मिळतो. सूर्य क्षितिजाजवळ असताना तेच ऊन तिरपे येते आणि वाऱ्याने बर्फावर उमटवलेली प्रत्येक लाट, प्राण्यांच्या पावलांची प्रत्येक रांग सावलीसह उठून दिसते. उत्तरेकडील देशांत हिवाळ्यात सूर्य दिवसभर खालीच राहतो, ही छायाचित्रकाराला मिळालेली मोठी सवलत आहे. तेथे दुपारच्या बारालाही लांब सावल्या मिळतात.

डोंगराळ भागात मात्र पंचांगातील सूर्योदयाची वेळ उपयोगाची नाही, कारण समोरचा डोंगर उन्हाला अडवतो आणि दरीच्या तळाशी ऊन एक-दोन तास उशिरा पोहोचते. आदल्या दिवशी त्या जागी जाऊन कोणत्या उतारावर ऊन केव्हा येते आणि केव्हा जाते याची नोंद करावी. ते शक्य नसेल तर सूर्याची दिशा नकाशावर दाखवणाऱ्या ॲपचा आणि उपग्रह-नकाशाचा एकत्र उपयोग करावा. अर्धा उतार उन्हात आणि अर्धा सावलीत असतो, तो काळ मला सर्वांत फलदायी वाटतो. त्या सीमारेषेवर पिवळसर प्रकाश आणि निळसर सावली शेजारीशेजारी येतात आणि बर्फाला रंग मिळतो.

आभाळ भरलेले असले की सावल्या नाहीशा होतात आणि बर्फाचा उतार ओळखूही येत नाही. अशा दिवशी मोकळ्या बर्फाचा नाद सोडून जंगलाकडे, वाहत्या ओढ्याकडे किंवा खडकांकडे वळावे, कारण गडद आकृत्यांच्या रचनेला सपाट प्रकाश चांगला मानवतो. बर्फ पडून गेल्यानंतरची पहिली निरभ्र सकाळ कधीही सोडू नये. फांद्यांवरचा बर्फ तेव्हाच टिकून असतो. ऊन आणि वारा यांनी तो काही तासांत गळून पडतो.

थंडी आणि बॅटरी

लिथियम बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते आणि तिचा अंतर्गत रोध वाढतो. परिणामी क्षमता तर घटतेच, पण त्याहून धोक्याची बाब अशी की जोराची मागणी होताच व्होल्टेज एकदम कोसळते. पडद्यावर ४० टक्के दिसत असताना ड्रोनने आपणहून उतरायला सुरुवात करणे, हा प्रकार यातूनच घडतो. प्रवासात वापरल्या जाणाऱ्या अनेक ड्रोनसाठी निर्मात्यांनी दिलेली तापमानाची खालची मर्यादा उणे १० अंश सेल्सियस असते आणि काही जुन्या ड्रोनसाठी ती शून्य अंश असते. आपल्या ड्रोनची मर्यादा माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावी.

बॅटरी उड्डाणापूर्वी सुमारे २० अंशांपर्यंत उबदार असावी. त्यासाठी सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे ती जाकिटाच्या आतल्या, अंगालगतच्या खिशात ठेवणे आणि ड्रोनमध्ये अगदी शेवटच्या क्षणी बसवणे. त्याच खिशात किल्ल्या किंवा नाणी ठेवू नयेत. हात उबदार ठेवण्याच्या रासायनिक पुड्या वापरायच्या असतील, तर पुडी आणि बॅटरी यांच्यामध्ये जाड कापड असावे. बहुतेक ॲपमध्ये बॅटरीचे तापमान पाहता येते, तो आकडा उड्डाणापूर्वी पाहण्याची सवय लावावी.

ड्रोन उडाल्यावर दोन-तीन मीटर उंचीवर साधारण एक मिनिट स्थिर ठेवावा. या अवधीत बॅटरी स्वतःच्या कामाने आणखी तापते आणि काही बिघाड असेल तर तो हाताशी असतानाच कळतो. त्यानंतरही पहिली काही मिनिटे रिमोटवरील काड्या हळुवार हलवाव्यात आणि वेगवान उड्डाणाचा स्पोर्ट मोड टाळावा. निर्मात्याने जाहीर केलेला उड्डाणकाळ वारा नसलेल्या, सौम्य हवामानातील असतो. बर्फात त्याच्या निम्माच वेळ हाती आहे असे धरून आखणी करावी. परत फिरण्याचा निर्णय ४० टक्क्यांना घ्यावा आणि ३० टक्क्यांना ड्रोन जमिनीवर असावा. हे अतिसावधपणाचे वाटेल, परंतु भुसभुशीत बर्फाने भरलेल्या दरीत पडलेला ड्रोन परत आणणे बहुतेक वेळा अशक्य किंवा जिवावर बेतणारे असते.

थंडगार बॅटरी लगेच चार्ज करू नये. गोठणबिंदूच्या खाली चार्जिंग केल्यास बॅटरीच्या आत धातुरूप लिथियमचा थर साचतो आणि ती कायमची बिघडते. खोलीत आणून ती नीट कोमट झाल्यावरच चार्जरला लावावी. मोबाइल फोनलाही हेच लागू पडते. रिमोटला जोडलेला फोन थंडीत अचानक बंद पडू शकतो, त्यामुळे तो पूर्ण चार्ज करून आणि जोडेपर्यंत खिशात ठेवूनच न्यावा. स्पर्शपडद्याला बोटांची टोके ओळखता येतील असे पातळ हातमोजे आणि त्यावर जाड हातमोजे, ही जोडी सोयीची ठरते.

उड्डाणाची जागा तयार करणे

मऊ बर्फावर ठेवलेला ड्रोन खाली रुततो. सुरू होताना गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी फिरती जोडणी, स्वतःला सर्व दिशांना फिरवून तपासतो आणि त्या वेळी कॅमेऱ्याला बर्फ अडला तर मोटरवर ताण येऊन त्रुटीचा संदेश झळकतो. पाती फिरू लागली की भुरभुरीत बर्फ उडून मोटरमध्ये आणि भिंगावर बसतो, तो वेगळाच. म्हणून चार-पाच फुटांचा चौकोन बुटांनी दाबून घट्ट करावा, त्यावर गडद किंवा भडक रंगाचा लँडिंग पॅड अंथरावा आणि त्याच्या कडा बर्फाच्या गोळ्यांनी किंवा खिळ्यांनी दाबाव्यात. पॅडचा दुसरा उपयोग असा की पांढऱ्या पसाऱ्यात ड्रोनच्या खालच्या कॅमेऱ्याला ओळखीची खूण मिळते आणि परत येताना आपल्यालाही जागा वरून दिसते.

उबदार खोलीतून किंवा गाडीतून काढलेला ड्रोन लगेच बर्फात नेल्यास त्याच्या गरम अंगावर पडलेले बर्फाचे कण वितळतात आणि पुन्हा गोठतात. भिंगावर असा थर बसला तर तो जागेवर निघत नाही. यासाठी ड्रोनचे अंग बॅटरीविना, बंद पिशवीत, पंधरा-वीस मिनिटे बाहेरच्या हवेत निववावे.

नव्या ठिकाणी उपग्रहांचे संकेत पकडायला जास्त वेळ लागतो आणि अरुंद दरीत आकाशाचा मोठा भाग झाकलेला असल्यामुळे उपग्रहही कमी दिसतात. होम पॉइंट, म्हणजे ड्रोन आपोआप जेथे परत येतो ती जागा, नोंदवला गेल्याचा संदेश येईपर्यंत ड्रोन उडवू नये. त्याची जागा नकाशावर बरोबर दिसते आहे का, हेही तपासावे. परतीची स्वयंचलित उंची वाटेतील सर्वांत उंच झाडाहून किंवा टेकाडाहून निदान वीस-तीस मीटर अधिक ठेवावी. ही उंचीसुद्धा उड्डाणबिंदूपासूनच मोजली जाते. जागा निवडतानाच एक विचार आणखी करावा: आपल्या पाऊलखुणा चौकटीत येणार नाहीत अशा बाजूने तेथे पोहोचावे. अस्पर्श बर्फाचे छायाचित्र घ्यायचे असेल आणि आपणच त्यावरून चालत गेलो असू, तर दुसरा बर्फ पडेपर्यंत ती चौकट गेली.

हवेत असताना

जमिनीवर वारा शांत असला तरी ५० मीटरवर तो जोरात असू शकतो. लहान ड्रोन साधारण १०.७ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ३८ किलोमीटरपर्यंतचा वारा सोसतात. त्यांच्याहून मोठे काही ड्रोन १२ मीटर प्रति सेकंदापर्यंत टिकतात. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध आणि येताना वाऱ्याबरोबर, हा नियम थंडीत मोडू नये, कारण थकलेल्या बॅटरीवर वाऱ्याशी झुंजत परत येणे जमेलच असे नाही. कड्याच्या वाऱ्याआडच्या बाजूला हवा भोवऱ्यासारखी खाली ओढली जाते, तेथे ड्रोन कड्यालगत नेऊ नये. शिखरावरून उडणारी बर्फाची भुकटी दिसत असेल, तर वर जोराचा वारा आहे हे नक्की.

उंचावरील विरळ हवेत पात्यांना तेवढ्याच उचलीसाठी जास्त वेगाने फिरावे लागते आणि बॅटरी लवकर संपते. काही छोट्या ड्रोनसाठी उड्डाणस्थानाची मर्यादा समुद्रसपाटीपासून ४,००० मीटर, तर काहींसाठी ६,००० मीटर दिलेली असते.

पात्यांवर बर्फ जमणे हा वाऱ्याहून फसवा धोका आहे. हवेत धुके, ढग किंवा बारीक थेंब असतील आणि तापमान शून्याच्या आसपास वा खाली असेल, तर पात्यांच्या पुढच्या कडेवर बर्फाचा थर धरतो, तिचा आकार बिघडतो आणि उचल घटते. ड्रोन थरथरू लागतो, आवाज बदलतो, तीच उंची सांभाळायला मोटर जास्त वीज खेचतात. उणे आठ अंशांची कोरडी, निरभ्र हवा ही उणे एक अंशाच्या धुक्यापेक्षा ड्रोनसाठी सुरक्षित असते, असे माझे ठाम मत आहे. पडत्या बर्फात तर उडवूच नये. बहुतेक प्रवासी ड्रोन पाण्यापासून संरक्षित नसतात.

अडथळे ओळखणारे आणि खालची उंची मोजणारे सेन्सर पृष्ठभागावरील पोतावर काम करतात. सलग पांढऱ्या आणि चकाकत्या पृष्ठभागावर त्यांचा भरवसा धरता येत नाही, असा इशारा निर्मात्यांच्या माहितीपुस्तिकांतच असतो. म्हणून पांढऱ्या उताराकडे तोंड करून उडताना सेन्सर थांबवतील या भरवशावर राहू नये. निष्पर्ण झाडांच्या बारीक फांद्या आणि केबल कारच्या तारा तर सेन्सरना बऱ्याचदा दिसतच नाहीत. ड्रोन डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरावर ठेवावा. आकाश आणि जमीन दोन्ही पांढरी झाली की अंतराचा अंदाज पूर्ण चुकतो. अशा वेळी ड्रोन जागीच थांबवून, वर नेऊन, नकाशावरील बाणाच्या आधारे सरळ परत आणावा. हेलिकॉप्टरचा आवाज येताच ड्रोन ताबडतोब उतरवावा. बर्फाळ डोंगरात ते बचावकार्यासाठी आलेले असण्याची शक्यता मोठी असते.

वन्य प्राणी दिसले तर दूर व्हावे. हिवाळ्यात त्यांना अन्न कमी मिळते आणि घाबरून खोल बर्फातून धावण्यात खर्च झालेली शक्ती त्यांना सहज भरून काढता येत नाही. छायाचित्रासाठी त्यांना हुसकावणे अक्षम्य आहे.

एक्स्पोजर: येथेच छायाचित्र घडते किंवा बिघडते

कॅमेऱ्याचे मीटर असे गृहीत धरते की समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे, म्हणजे त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परतवणारे आहे. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के प्रकाश परतवतो. या दोन आकड्यांमधील फरक दोन स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट किंवा निमपट) थोडा अधिक भरतो आणि मीटर तेवढा प्रकाश कापून टाकते. त्यामुळेच स्वयंचलित एक्स्पोजरमध्ये, म्हणजे चित्राला किती प्रकाश द्यायचा हे कॅमेऱ्याने ठरवल्यास, बर्फ मळकट राखाडी येतो. उपाय म्हणजे एक्स्पोजर जाणीवपूर्वक वाढवणे. चौकट जवळजवळ पूर्ण बर्फाने भरलेली आणि उन्हात असेल, तर अधिक १.३ ते अधिक २ ईव्हीपर्यंत (एक ईव्ही म्हणजे एक स्टॉप) जावे लागते. अर्ध्या चौकटीत गडद झाडे असतील तर अधिक ०.७ पुरते. सूर्य चौकटीत असेल तर प्रत्येक वेळी नव्याने तपासावे.

मात्र पडद्यावरचे चित्र पाहून हे ठरवू नये. भोवतालच्या बर्फाच्या झगमगाटात पडदा असतो त्याहून काळपट भासतो आणि आपण गरजेपेक्षा जास्त एक्स्पोजर देऊन बसतो. हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातील गडद ते उजळ भागांचा डावीकडून उजवीकडे जाणारा आलेख, सुरू करावा आणि त्यावरच विश्वास ठेवावा. बर्फाच्या चौकटीत हिस्टोग्रामचा मोठा उंचवटा उजवीकडे असतो. राखाडी बर्फ असेल तर तो मधोमध बसलेला दिसतो. एक्स्पोजर एकेक टप्प्याने वाढवत हा उंचवटा उजवीकडे सरकवावा आणि त्याचा उतार उजव्या भिंतीला टेकण्याच्या किंचित आधी थांबावे. जास्त उजेडाचा इशारा देणारे झेब्रा पट्टे सुरू असतील, तर ते उन्हातील बर्फावर मोठ्या पट्ट्यांनी उमटेपर्यंत जाऊ नये; बर्फाच्या स्फटिकांवरील तुरळक चमकांवर ते दिसले तर चालते. पूर्णपणे उडालेल्या पांढऱ्या भागात पोत नसतो आणि तो नंतर कोणत्याही उपायाने आणता येत नाही. सावलीतील तपशील मात्र बऱ्याच अंशी परत मिळवता येतात. म्हणून शंका असेल तेव्हा एक तृतीयांश स्टॉप कमीच ठेवावे.

छायाचित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्करण न केलेल्या मूळ स्वरूपात घ्यावीत. ड्रोनमध्ये ते बहुधा डीएनजी या नावाने असते. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, १०० वर ठेवावा. बर्फावर उजेड भरपूर असल्यामुळे शटर स्पीड आपोआपच वेगवान मिळतो आणि वाऱ्यातील थरथर चित्रात उतरत नाही. भिंगाचे छिद्र बदलता येणारा ड्रोन असेल, तर एफ/४ ते एफ/५.६ हा पट्टा चांगला. एफ/११ पर्यंत, म्हणजे फार लहान छिद्रापर्यंत, जाण्याने लहान सेन्सरवर विवर्तनामुळे (अरुंद छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) तीक्ष्णता घटते.

उन्हातील बर्फ आणि दाट झाडांची सावली एकाच चौकटीत असेल, तर तीन किंवा पाच एक्स्पोजरचे ब्रॅकेटिंग करावे, म्हणजे तेच दृश्य कमीअधिक उजेडात ओळीने टिपावे. तेवढा वेळ ड्रोन स्थिर राहू द्यावा. अनेक चित्रे जोडून पॅनोरामा करायचा असल्यास एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही मॅन्युअलवर घट्ट बांधावेत, नाहीतर प्रत्येक तुकड्याचा बर्फ वेगळ्या छटेचा येतो. जोडणी करणारे सॉफ्टवेअर दोन चित्रांतील सारख्या खुणा शोधते आणि कोऱ्या बर्फात त्या सापडत नाहीत. त्यामुळे एकमेकांवर येणाऱ्या भागात झाड, खडक किंवा सावली असेल अशी काळजी घ्यावी आणि हा भाग निदान ४० टक्के ठेवावा.

व्हाइट बॅलन्स सुमारे ५,५०० केल्विनवर पक्का करावा. सावलीतील बर्फाला निळ्या आकाशाचा प्रकाश मिळतो म्हणून तो निळा दिसतो, आणि तो तसा दिसणे हे दृश्याचे सत्य आहे. स्वयंचलित व्हाइट बॅलन्स ते पुसायला जातो आणि उन्हातील बर्फ पिवळा करतो.

चकाकी कमी करणारा फिरता पोलरायझर फिल्टर ड्रोनवर फारसा उपयोगी नाही, असे मला वाटते. ड्रोनने दिशा बदलली की त्याचा परिणाम बदलतो आणि रुंद भिंगात आकाश पट्ट्यापट्ट्यांचे होते. व्हिडिओसाठी मात्र भिंगात येणारा प्रकाश घटवणारे गडद एनडी फिल्टर लागतातच: सेकंदाला २५ फ्रेमसाठी शटर १/५० च्या जवळ ठेवायचा तर उन्हातल्या बर्फावर एनडी ३२ किंवा ६४ जवळ हवा. तो उड्डाणापूर्वीच बसवावा, कारण गारठलेल्या बोटांनी तो बर्फात पडला तर सापडणार नाही.

चौकट रचणे

ड्रोन हाती आला की तो कमाल उंचीवर नेण्याचा मोह होतो, पण १२० मीटरवरून बर्फाचा पोत नाहीसा होतो आणि बहुतेक प्रदेश नकाशासारखा दिसतो. पोत, पाऊलखुणा आणि वाऱ्याच्या लाटा टिपायच्या असतील तर १५ ते ४० मीटर ही उंची पुरेशी आहे. नदीची वळणे किंवा जंगलाची कड यांसाठी ६० ते १०० मीटरवर जावे. प्रत्येक विषयाला एकदा खालून, एकदा मधून आणि एकदा वरून पाहावे आणि मगच उंची पक्की करावी.

कॅमेरा सरळ खाली, उणे ९० अंशांवर वळवून घेतलेले चित्र बर्फात विशेष बोलके ठरते. बर्फ हा कोरा पृष्ठभाग असल्यामुळे त्यावरची प्रत्येक गडद रेघ अर्थपूर्ण होते. एका सूचिपर्णी झाडाचे उदाहरण घेऊ. दुपारी वरून पाहिले तर ते एक हिरवट ठिपका असते. सूर्य मावळतीला असताना त्याच जागेवरून पाहिले, तर झाड स्वतः लहान राहते आणि त्याची संपूर्ण आकृती, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, फांदी अन् फांदी, बर्फावर निळ्या सावलीच्या रूपाने आडवी पसरलेली असते. अशा वेळी चौकट झाडाभोवती न रचता सावलीभोवती रचावी: झाड एका कोपऱ्याजवळ ठेवून सावलीला कर्णाच्या दिशेने मोकळी जागा द्यावी. ड्रोन जागीच हळूहळू फिरवला की कर्ण आपोआप जुळतो. ही साधी कृती खाली उतरण्यापूर्वी नेहमी करून पाहावी, कारण खालच्या दिशेने पाहणाऱ्या चौकटीला वर-खाली असे काही नसते आणि तीस अंशांच्या वळणाने रचना पूर्ण बदलते.

गोठलेल्या सरोवरावरील भेगा, अर्धवट गोठलेल्या नदीतील काळे पाणी, कुंपणांच्या रांगा, रस्त्याचे एकटे वळण हे सगळे याच पद्धतीने टिपता येते. बर्फाच्या पसाऱ्यात आकारमानाचा अंदाज येत नाही, तो देण्यासाठी एखादी ओळखीची वस्तू ठेवावी. सोबतीला लाल किंवा पिवळे जाकीट घालून चौकटीत उभे करणे हा जुनाच उपाय आहे आणि तो चांगला आहे. मात्र माणूस सुरक्षित, ओळखीच्या वाटेवरच उभा राहावा. सरोवराच्या बर्फाची जाडी वरून कळत नाही आणि हिमस्खलनाची शक्यता असलेल्या उतारावर चित्रासाठी कोणालाही पाठवू नये.

आकाश पांढरे असेल तर ते चौकटीतून काढून टाकावे, कारण पांढऱ्या जमिनीला पांढरे आकाश मिळाले की क्षितिज विरघळते. ड्रोनवर दूरचे जवळ आणणारे, सुमारे ७० मिलिमीटर समतुल्य दुसरे भिंग असेल, तर दूरच्या डोंगररांगा एकमेकींवर रचल्यासारख्या दिसतात आणि उतारांवरील प्रकाशाच्या पट्ट्या वेगळ्या काढता येतात. पर्वतरांगांसाठी मी रुंद भिंगाऐवजी हेच भिंग आधी सुचवेन.

उतरवणे आणि खोलीत नेणे

परतताना स्वयंचलित लँडिंगवर विसंबू नये. पॅडच्या वर दहा मीटरवर स्वयंचलित परती थांबवून ताबा घ्यावा आणि सावकाश खाली आणावे. बर्फाच्या पृष्ठभागाजवळ खालचे सेन्सर चुकीची उंची दाखवू शकतात, त्यामुळे नजर पडद्यावर न ठेवता ड्रोनवर ठेवावी. ड्रोन दुर्दैवाने दूर कोठे उतरला, तर ॲपमधील शेवटच्या स्थानाचा स्क्रीनशॉट लगेच घ्यावा, कारण थंडीत फोन केव्हा बंद पडेल याचा नेम नसतो. तेथे जाण्याची वाट सुरक्षित आहे का हे स्थानिक जाणकाराला विचारल्याशिवाय निघू नये.

थंड ड्रोन उबदार खोलीत आणला की हवेतील बाष्प त्याच्या अंगावर, भिंगाच्या आत आणि सर्किटवर साचते. बाहेर असतानाच मेमरी कार्ड आणि बॅटरी काढून घ्यावी, ड्रोन हवाबंद पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करावे आणि खोलीत आणल्यावर एक-दोन तास पिशवी उघडू नये. बाष्प पिशवीच्या बाहेरच्या अंगावर जमते आणि ड्रोन कोरडा राहतो. कार्ड आधीच काढलेले असल्यामुळे तेवढ्या वेळात चित्रे पाहता येतात आणि त्यांची दुसरी प्रतही करून ठेवता येते.

संगणकावरील संस्करण

प्रथम व्हाइट बॅलन्स पाहावा. उन्हातील बर्फ जवळजवळ तटस्थ, किंचित उबदार असावा आणि सावलीतील निळेपणा तसाच राहावा. तो फारच गडद वाटला तर केवळ निळ्या रंगाची संपृक्तता थोडी उतरवावी. नंतर हायलाइट्स (उजळ भागांचे नियंत्रण) खाली आणून पोत परत मिळवावा आणि व्हाइट्स (सर्वांत पांढऱ्या भागांचे नियंत्रण) वर नेऊन बर्फाला उजळपणा द्यावा. पोत असलेल्या उजळ बर्फाचे मूल्य (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा) २५५ पैकी साधारण २३५ ते २५० च्या दरम्यान राहिले, तर तो पांढरा दिसतो आणि तपशीलही टिकतो. धूसरपणा काढणारे डीहेझ आणि उठाव वाढवणारी क्लॅरिटी यांचा हात आखडता ठेवावा, कारण त्यांच्या अतिरेकाने स्वच्छ बर्फ घाणेरडा दिसू लागतो. शार्पनिंगला (कडा तीक्ष्ण करण्याला) मास्क, म्हणजे ठरावीक भागच निवडणारी सोय, लावून ते झाडे आणि खडकांच्या कडांपुरते मर्यादित करावे. सपाट बर्फावर ते केवळ कण वाढवते. सेन्सरवरील धुळीचे डाग पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठळक दिसतात, म्हणून चित्र पूर्ण आकारात उघडून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तपासावे.

पुढचे काही दिवस उड्डाण होणार नसेल, तर बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या न ठेवता ४० ते ६० टक्क्यांवर ठेवाव्यात. परतीच्या विमानप्रवासासाठीही त्या याच पातळीवर आणाव्यात आणि पात्यांच्या कडांवर बोट फिरवून कोठे चीर गेलेली नाही ना, हे पाहूनच ड्रोन पेटीत घालावा.